बारीक जाळ्याच्या वतीने

शुक्र. २ मार्च १९७९
दुपारी शाळेतून आले तर दारात कचेरीचा शिपाई, सायकलला टेकून. मामाजी तलावावर, हे गिरणीत. पाकीट मीच घेतलं आणि मीच उघडलं. सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्याच नावचं होतं, माहीत आहे. पण बंद पाकीट समोर ठेवून मला जेवण जात नाही. हे मला उगीच 'पूछताछ खिडकी' म्हणत नाहीत.

सरकार तलावांच्या मासेमारीचे नियम करणार. त्याआधी मच्छीमारांचं म्हणणं ऐकणार, म्हणून बैठक, सिव्हिल लाइन्सला. प्रत्येक सोसायटीचा एक प्रतिनिधी. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष मामाजीच, म्हणजे तेच जाणार.

दोन मुद्दे. एक, पावसाळ्यात मासेमारी बंद. दोन, बारीक जाळं बाराही महिने बंद.

पहिल्याचं काही नाही, पावसाळ्यात आपली माणसं तशीही थांबतात. दुसरा मात्र मी दोनदा वाचला. बारीक जाळं म्हणजे आत्याबाई. माझ्या सासूबाई आणि वस्तीतल्या सगळ्या बाया. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, झिंगे नि बारीक मासोळी काढायची, टोपल्यात घालून नंदनवनपर्यंत दारोदार विकायची. रोहू-कतल्याचं मोठं जाळं पुरुषांचं. ते बंद होत नाही.

आत्याबाईंना वाचून दाखवलं. हातातली मासोळी साफ करणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "मंग आमी काय करावं म्हनते सरकार?" त्याचं काही कागदात नव्हतं.

रवि. ४ मार्च
अंगणात पंचांची बैठक. मी दाराआडून बघितली, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन आज पहिल्यांदा नीट बघितली.

विषय मांडून झाला की पाण्याचा लोटा फिरतो. ज्याला पटलं तो एक घोट पितो. ज्याला नाही पटलं तो न पिता पुढच्याकडे सरकवतो. बोलत नाही. मांडणाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याची अब्रू काढणं. एकानेही सरकवला तरी विषय राहिला. भांडण नाही, तंटा नाही. मला फार आवडलं हे. आमच्या शाळेत शिक्षकांची सभा होते तिथे असा लोटा हवा.

पहिला मुद्दा सगळे प्याले. दुसऱ्याला लोटा जसा गेला तसा भरलेला परत आला. ठरलं, मामाजींनी सरकारात दुसरा मुद्दा नाकारून यायचं.

रात्री आत्याबाईंना विचारलं, बाया का बसत नाहीत बैठकीत? विषय तर तुमच्याच जाळ्याचा.
"लोट्यात पानी कोन भरते? आमीच ना वं. अजून काय पायजे?"
चेष्टा करत होत्या की खरंच, कळलं नाही.

सोम. १९ मार्च
मामाजी सकाळी धुवट धोतर, काळी टोपी घालून गेले. ह्यांनी सुट्टी टाकून सायकलवर डबलसीट नेलं. मी शाळेत, सगळं लक्ष घड्याळाकडे. पोरांना पाढे दोनदा म्हणायला लावले.

संध्याकाळी मामाजी आले ते छाती काढून. अंगणात बाज टाकून बसले, चारचौघं जमले. खुर्च्या होत्या, पंखा होता, साहेब कोकणातला, बोलायला गोड. आमच्यासारख्या दुसऱ्या तलावांच्या सोसायट्यांचेही म्हातारे आले होते, सगळे आपल्यातलेच. साहेबानं दोन्ही मुद्दे सांगितले. मग चहा आला. कपबशीत.

"एकानंही घेतला नाही," मामाजी म्हणाले. "भंडाऱ्याकडच्या त्या बुढ्याले डाक्टरनं चाय सांगतली हाय म्हने, थो बी नाही प्याला. सगळ्याच्या चाया थंड्या झाल्या. नामंजूर करून आलो."

वस्तीत आनंद. आत्याबाईंनी झिंग्यांचं कालवण केलं, मलाही वाटीभर जास्त वाढलं. मी खाल्लं. पण काहीतरी खटकून राहिलंय.

मंगळ. २० मार्च
रात्रभर तेच. मामाजी दातून करत होते तेव्हा जाऊन उभी राहिले. चहा प्याला नाहीत, ठीक. पण साहेबाने काही विचारलं का?

"विचारलं ना. म्हने कोनाची हरकत हाय का?"
मग?
"मंग काय. आमी सगळे गप."

साहेबाला लोट्याची रीत कोण सांगणार? आज शाळेत हजेरी घेताना एक नाव दोनदा घेतलं.

गुरु. २२ मार्च
शाळा सुटल्यावर सिव्हिल लाइन्स. घरी सांगितलं, पुस्तकं आणायला जाते. शिपायाने ओळखलं, सोडलं आत.

साहेब चांगला माणूस आहे, हे आधी लिहून ठेवते, कारण घरी गेल्यावर त्याला शिव्या पडणारच आहेत. चाळिशीचा, रत्नागिरीकडचा. मी मामाजींची सून म्हटल्यावर स्वतः उठून खुर्ची ओढली. म्हणाला, तुमचे लोक फार समजूतदार हो. आमच्या किनाऱ्यावर असली बैठक म्हणजे हातघाई. इथे दोन्ही मुद्दे एकमताने मंजूर. कोणी ब्र काढला नाही.

मी विचारलं, आणि चहा?

त्याचा चेहरा पडला. चहाचं त्याच्या मनाला लागलं होतं. एकही कप उचलला गेला नाही म्हणून दूध नासलं असेल असं वाटून तो शिपायावर ओरडला होता. मग स्वतः पिऊन बघितला, तर चहा ठीकच. तेव्हापासून विचार करतोय म्हणाला, माझ्या हातून काही अपमान झाला का त्यांचा?

मी लोट्याचं सांगितलं. आधी हसला. मोठ्याने. मग मध्येच थांबला, टेबलावर बोटं वाजवत बसला.
"म्हणजे बाई, त्या सगळ्यांनी एकमताने..."
"नामंजूर केलं, साहेब."

लिहून वर गेलंय. पण नियम व्हायच्या आधी आणखी एक बैठक आहे, १६ एप्रिलला. हरकत तिथे घेता येईल. मात्र तोंडाने बोलून. न प्यालेला चहा वर पाठवता येत नाही, म्हणाला, आणि मला खरंच वाटलं की पाठवता आला असता तर त्याने पाठवला असता.

बारीक जाळं का नको, तेही विचारून घेतलं. तलावात रोहू-कतल्याचं बीज सोडतात, ते बोटभर असतानाच बारीक जाळ्यात अडकतं. त्यात तथ्य आहे असं मला वाटलं. हे घरी कसं सांगायचं?

रवि. २५ मार्च
सांगितलं. आधी ह्यांना, मग दोघांनी मिळून मामाजींना.

आधी त्यांना पटेचना. मग राग. माझ्यावर नाही, साहेबावर. "एवढ्या मानसाईनं चाया सोडल्या, आन त्याले दिसलं नाही? डोये हायेत का भोकं?" जेवले नाहीत. मला वाईट वाटलं. सगळ्या वस्तीत मान ताठ करून फिरत होते आठवडाभर, आता त्याच लोकांना काय सांगतील?

शेवटी ह्यांनी विषय काढला. १६ तारखेला जायचं आणि तोंडाने म्हणायचं, मंजूर नाही. दोन शब्द.

मामाजी म्हणाले, "त्याच्या घरी जाचं, त्याच्या खुर्चीवर बसाचं, आन त्याच्याच तोंडावर नाही म्हनाचं? मले नाही जमत, बापा."

शुक्र. ६ एप्रिल
रोज सराव. मी साहेब. खुर्ची टाकून बसते, चष्मा ह्यांचा. "कोणाची हरकत?" मामाजी उठतात, घसा साफ करतात. एकदा म्हणाले, "पाहू ना." एकदा म्हणाले, "तुमी म्हनता ते बी बराबर हाय." आज म्हणाले, "साहेब, घरी सगळे खुशाल?"

ह्यांना हसू आवरेना, उठून बाहेर गेले. मीही हसले, आणि मग मला लाज वाटली. साठीचा माणूस, आयुष्यात कोणाचा मान मोडला नाही, आणि आम्ही त्याला ते शिकवतोय.

मंगळ. १० एप्रिल
आज गंमत. आत्याबाई चुलीजवळून सगळं ऐकत होत्या. टोपलं घेऊन आल्या नि म्हणाल्या, उद्या हुडकेश्वरला बहिणीकडे जाऊन येतो.
मामाजी: "नाही."
मंग परवा?
"नाही म्हनलं ना."
खणखणीत! आवाज पार रस्त्यापर्यंत. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "पाह्य. मले 'नाही' म्हनायले कसं जमते? मले नेऊन त्याहिच्यासमोर बसवा. माह्याकडे पाह्यलं का आपोआप निंगते."

हे हसले. मी हसले. मामाजीपण, उशिरा. पण मी नंतर बसून विचार केला. या घरात मामाजी दिवसाकाठी कितीदा नाही म्हणतात? आत्याबाईंना, मला. लोटा लागत नाही, मान मोडत नाही. आधी हे कसं दिसलं नाही मला? मी तर सगळ्यात नाक खुपसते.

(नंतर लिहिलं: आत्याबाई हुडकेश्वरला जाऊन आल्याच.)

सोम. १६ एप्रिल
ऊन भयंकर. रजा टाकली. मामाजी आणि हे सायकलवर, आम्ही दोघी रिक्षाने. आत्याबाईंनी लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. पायात चपला माझ्या, मोठ्या होत होत्या.

साहेबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, मामाजींच्या तब्येतीकडे बघायला घरचं माणूस सोबत लागतं. साहेब समजले. मामाजींच्या बरोब्बर समोर भिंतीपाशी आत्याबाईंना स्टूल दिलं. मी दाराजवळ. या वेळी चहा मागवलाच नाही.

दुसरा मुद्दा आला. कोणाची हरकत? सगळे म्हातारे गप. मामाजी उठले. साहेबाकडे बघितलं, कपाळाला घाम. मग आत्याबाईंकडे बघितलं.
"नाही. मंजूर नाही."

बाकीचे म्हातारे दचकले. मग एकाने मान हलवली, मग दुसऱ्याने. भंडाऱ्याकडचे बुढेबाबा चक्क "नाहीच" म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लिहिते आहे तसंच, पाणी आलं.

इथे थांबलं असतं तर बरं. पण साहेब हुशार. समोरच्या बाईंकडे वळले. आजी, बारीक जाळं तुम्ही टाकता ना? तुमचं काय म्हणणं?

आत्याबाई बसूनच बोलल्या. बीज मरू नये हे आमालेबी समजते. बीज सोडलं का दिवाळीपर्यंत आमी जाळं धुऊन टांगून ठेवू. बाकीच्या महिन्याइले आमचं जाळं आमाले. सगळ्या बायाइले मी सांगीन, आइकतीन माह्यं.

साहेब पुढे झुकले. लिहायला घेणार, तेवढ्यात मामाजी म्हणाले, "नाही."

तेच, घरातलं 'नाही'. सवयीने निघालं की विचार करून, देव जाणे. नंतर म्हणाले विचार करून, एक महिना दिला तर सरकार बाराही घेईल. आत्याबाई तिथल्या तिथे म्हणाल्या, जाळं माह्यं हाय, देनारी मी. कचेरीत! साहेबासमोर!

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, सोसायटीचं एकच म्हणणं लिहिता येतं. दोघांपैकी कोणाचं लिहू? प्रतिनिधी कोण?

साहेबांनी मामाजींना सरळ विचारलं, अगदी साधेपणाने, तुम्ही कधी बारीक जाळं टाकलं आहे?

आमच्यात पुरुष बारीक जाळ्याला हात लावत नाही. लावला तर तलावावरचे हसतात. मामाजी म्हणाले, नाही. हे 'नाही' अगदी हळू होतं.

जूनमध्ये शेवटची बैठक. एकच म्हणणं घेऊन या.

गुरु. १९ एप्रिल
घरात फुली. (माझी खूण. मामाजी-आत्याबाई बोलत नसले की तारखेवर फुली मारते.) सलग चौथी.

ह्यांचं मत आईच्या बाजूने, पण वडिलांसमोर म्हणायची हिंमत नाही. मला म्हणतात, तूच सांग. वा रे वा.

मला खरं कोणाचं पटतं? आत्याबाईंचं पटतं. पण मामाजींची भीतीही खोटी नाही. दिलेलं सरकार परत देतं असं मी ऐकलेलं नाही.

रवि. १३ मे
शाळेला सुट्या. आंब्याचं पन्हं. आज एक पाहिलं. पहाटे उठले तर मामाजी अंगणात नाहीत. तलावाकडे गेले असतील म्हणून मीपण बघायला गेले (खिडकी उघडीच असते माझी). अजून कोणी नव्हतं. मामाजी काठाशी पाण्यात उभे, हातात आत्याबाईंचं जाळं. टाकता येत नव्हतं. गुंता झाला, सोडवला, पुन्हा टाकलं. जाळ्यात काय आलं ते हाताच्या ओंजळीत घेऊन डोळ्यांजवळ धरून बघत होते.

काय आलं होतं? झिंगे की बीज? मला विचारायचं होतं, जीव नुसता तडफडला. पण न दिसता परत आले. घरी येऊन चूल पेटवली.

रवि. २० मे
बैठक. मामाजींनीच मांडलं, जूनच्या बैठकीला हिला, म्हणजे आत्याबाईंना, पाठवायचं. आणि त्यासाठी हिला सोसायटीची सभासद करायचं.

काकाजी, मामाजींचे धाकटे भाऊ, बाजूच्याला म्हणाले, आज सरकारात बसन, उद्या पंचात बसन. लोटा फिरला. बाकी सगळे प्याले, काहींनी नाक मुरडत. काकाजींनी सरकवला. विषय राहिला.

मामाजींना मी विचारलं, का बदललं मत? एवढंच म्हणाले, "जे जाळं टाकता येत नाही, त्याचं मी काय बोलू वं, पोरी?" झिंगे होते की बीज, ते नाहीच सांगितलं.

रवि. २७ मे
काकीजींनी आठवडाभर काकाजींच्या ताटात नुसतं वरण वाढलं म्हणे. झिंगे नाहीत, मासोळी नाही. काकाजींनी विचारलं तर म्हणाल्या, जाळं बंद होऊन राहिलं ना, सवय करा. वस्तीतल्या सगळ्या बाया खदखदून हसतात.

आज पुन्हा बैठक. काकाजी प्याले. एवढासा घोट, पण प्याले. आत्याबाई सभासद! सही मी शिकवली. 'स' उलटा निघतो. म्हणाल्या, चालते, मासोळीलेबी कुठं सरळ पोहता येते.

आज फुली नाही.

सोम. ४ जून
हे कचेरीच्या पायरीवर बसून लिहिते आहे. पिशवीत वही होती हे बरं झालं, नाहीतर वेडी झाले असते.

आज वरचे साहेबही आलेत, मुंबईहून. म्हणून कडक. एका सोसायटीचं एकच माणूस आत. शिपायाने दारात विचारलं, प्रतिनिधी कोण? आत्याबाई म्हणाल्या, मी. त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे. त्या त्याच्या बाजूने आत गेल्या, आज चपला स्वतःच्या. दार लागलं.

मी खिडकीपाशी गेले. काच बंद, पंख्याचा आवाज. आमच्या साहेबाचं तेवढं ओळखू आलं, "या आजी", मग काही नाही. मग कोणीतरी परक्या आवाजात बरंच बोललं, इंग्रजीत. मग आत्याबाईंचा आवाज. शब्द नाही, नुसता आवाज. थांबला. पुन्हा सुरू.

उन्हात सायकल टेकवून मामाजी आले. एकटे, एवढं लांब. मी उठून जागा दिली. टोपी काढून वारा घेत बसले.
"काय म्हनते?"
ऐकू येत नाही, म्हटलं.
"हो म्हनली का नाही म्हनली?"
"अजून बोलून राहिल्या आहेत, मामाजी."
"एवढा वेळ?"

मी हो म्हटलं. ते दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, घरी एवढं कधी बोलली नाही ते. मी म्हटलं, घरी कोणी बोलू दिलं? मग माझीच जीभ चावली. मामाजी रागावले नाहीत. जरा सरकले, कान दाराकडे केला, आणि मलाही हाताने खुणावलं, गप राह्य, आइकू दे.